दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला घेताना : साताऱ्यातल्या नव्या फॉस्टर पालकांसाठी

साताऱ्यात, कराड-वाई-फलटणकडं किंवा माण-खटावात राहता आणि "एखादं मूल आपल्या घरी आणून सांभाळावं का?" हा विचार मनात घोळतोय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ज्या मुलाला सध्या स्वतःच्या घरी राहता येत नाही, त्याला संस्थेत न ठेवता एखाद्या कुटुंबात, ठरावीक काळासाठी, सरकारी देखरेखीखाली वाढवायचं, याला फॉस्टर केअर म्हणतात. मूल तुमच्या पंगतीला जेवतं, तुमच्या गल्लीत खेळतं. पण कागदावर ते दुसऱ्या घरचं असतं आणि पुष्कळदा मनानंही तिकडचंच असतं. ते घर सावरलं की मूल परत जातं. एवढं पचत असेल तर पुढं वाचा. यातल्या सगळ्या अडचणी आणि सगळा आनंद याच एका गोष्टीतून निघतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट इथं प्रत्येकानं शाळेत ऐकलेली आहे. त्यामुळं लोकांच्या पोरांना घास भरवणं साताऱ्याला नवं नाही. फक्त आता त्याला कायदा आहे : बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५, त्यातलं कलम ४४. मंगळसूत्र मोडायची तयारी आहे का, हे कुणी विचारत नाही. वैद्यकीय तपासणीचे कागद मात्र विचारतात.

आधी स्वतःशी ठरवा, नेमकं काय हवंय

फॉस्टर केअरची चौकशी करायला कार्यालयात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात तीन गोष्टींची सरमिसळ असते.

दत्तक घेतलेलं मूल कायमचं तुमचं होतं. त्याला तुमचं आडनाव लागतं, वारसाहक्क मिळतो, सगळं मिळतं. त्यासाठी 'कारा'कडं, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडं नोंदणी करावी लागते. तुम्हाला मूल नाही आणि कायमचं मूल हवंय, तर सरळ त्या रस्त्यानं जा. दत्तकाची यादी लांब आहे म्हणून 'तोवर फॉस्टर' असा विचार घेऊन येणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, असं करू नका. तुमची ती आस मुलाला कळते, आणि त्याच्या आईला तर पहिल्या भेटीतच कळते.

बालसंगोपन योजना वेगळी. आपल्या राज्याची ही योजना आता क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं चालते आणि तिच्यात मुलामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात. एक पालक गेला आहे, आई विधवा किंवा सोडलेली आहे, किंवा मूल आजी-मामाकडं राहतंय, अशांना तिचा उपयोग होतो. तुमच्या वाडीतल्या एखाद्या विधवेचं पोरगं पैशाअभावी संस्थेत जायला निघालं असेल, तर त्याला तुमच्या घराची नाही, त्याच्या आईला मिळायच्या या अर्थसाहाय्याची गरज आहे. तिला अर्ज भरून द्या. आई सांभाळायला समर्थ असताना केवळ गरिबीपायी मूल तिच्यापासून तोडायचं नसतं. कायद्याच्या तत्त्वांतही संस्था हा शेवटचा पर्याय आहे.

फॉस्टर केअर राहतं ते उरलेल्या मुलांसाठी. आईबाप गंभीर आजारी आहेत, तुरुंगात आहेत, व्यसनात बुडालेत, मारहाण करतात, किंवा बालगृहात वर्षानुवर्षं मुलाला भेटायला कुणीच फिरकलेलं नाही. २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रामुख्यानं ६ वर्षांवरच्या मुलांचा विचार होतो. म्हणजे पाळण्यातलं बाळ मिळणार नाही. मिळेल तो बोलणारा, भांडणारा, सगळं आठवणारा पोरगा किंवा पोरगी.

पात्रता

पती-पत्नी दोघं भारतीय नागरिक असावेत आणि लग्न किमान २ वर्षं टिकलेलं असावं. एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं. अविवाहित, विधवा, घटस्फोटित कुणीही चालतं, पण वय किमान ३५ हवं. एकट्या बाईकडं मुलगा किंवा मुलगी दोन्ही देता येतात, एकट्या पुरुषाकडं फक्त मुलगा. घरातल्या सगळ्यांच्या आरोग्य तपासण्या लागतात. त्यात क्षयरोग, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी येतात. कुणावर गुन्हा सिद्ध झालेला नसावा. उत्पन्न बेताचं चालेल, पण नियमित हवं. बंगला लागत नाही. मुलाला झोपायला स्वतःची जागा, अभ्यासाला कोपरा आणि दाराला कडी असलेली न्हाणी एवढं असलं तरी पुष्कळ.

अर्ज आणि घरभेट

अर्जाची नोंदणी २०२४ च्या तत्त्वांनुसार केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर होते. ती कशी करायची हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा. हा कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतो. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, लग्नाचा दाखला, फोटो, वैद्यकीय अहवाल आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं बरोबर न्या. एक सल्ला : दोन्ही माणसं नात्यातली देऊ नका. शेजारी आणि शाळेतले सर, असं काहीतरी द्या.

मग समाजसेवक घरी येतात. या भेटीला लोक उगाच घाबरतात. घर सारवून-पुसून, पोरांना गप्प बसायला सांगून, चहाबरोबर कंदी पेढ्यांची बशी पुढं करतात. येणाऱ्याला ती बशी नको असते. त्याला बघायचं असतं की घरात भांडण झालं की काय होतं, दारू कोण पितं, म्हाताऱ्यांचं या सगळ्यावर काय मत आहे. सासूबाई "आमचं काय, त्येंच्या मनात हाय तर हाय" असं म्हणत असतील, तर त्या मनातून राजी नाहीत हे ओळखा. आधी त्यांच्याशी बोला. दिवसभर घरी त्याच असणार आहेत. शाळेतून दमून आलेल्या मुलाला पहिला शब्द त्यांचाच ऐकायला मिळणार आहे.

स्वतःच्या पोरांनाही विचारा, आणि "नाही" म्हणायची मोकळीक देऊन विचारा. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर एक वर्ष थांबणं शहाणपणाचं.

घरभेटीचा अहवाल झाला की निर्णय बाल कल्याण समितीचा असतो. एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती मुलाचाही अहवाल बघते, मुलाशी बोलते, तुमच्याशी बोलते आणि मगच आदेश काढते. तुम्हाला हमीपत्रावर सही करावी लागते. समिती सांगेल तेव्हा मूल परत करण्याची हमी त्यात असते. सही करताना ते कलम वाचा. पुष्कळ जण वाचत नाहीत.

होकार देण्याआधी हे विचारा

मूल सुचवलं गेलं की आपण हरखून जातो आणि "कसंबी असू दे, आमचंच म्हणून बघू" म्हणतो. थांबा. त्याचा अहवाल नीट वाचायला मागा आणि विचारा : याला भाऊ-बहीण आहे का आणि ती कुठं आहेत? (भावंडांना शक्यतो एकत्रच ठेवायचं, असं कायदा सांगतो. एकाची तयारी असताना दोघं आली तर झेपेल का, हे आधीच ठरवा.) रात्री झोप कशी आहे? कोणती औषधं चालू आहेत? कुणाची भीती वाटते? पुरुषाची, दारूच्या वासाची, अंधाराची, की बंद दाराची? शाळा किती बुडाली? आईवडील कुठं आहेत, भेटायला येणार आहेत का, किती दिवसांनी? लैंगिक अत्याचाराची काही नोंद आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, तरी विचाराच.

नाही म्हणायचं असेल तर याच टप्प्यावर म्हणा. मूल घरी आणून तीन आठवड्यांनी "जमत नाही" म्हणून परत पाठवलं, तर त्या पोराच्या खात्यावर आणखी एका घराचा नकार चढतो.

पहिले काही आठवडे

पहिले दहा-पंधरा दिवस मूल इतकं शहाण्यासारखं वागतं की तुम्ही नातेवाइकांना फोन करून सांगता, "अगं, काही त्रासच नाही." ताट स्वतः उचलतं, विचारल्याशिवाय टीव्ही लावत नाही. यावर भाळू नका. ते जपून वागतंय. घर कळलं, इथून लगेच काढणार नाहीत असं वाटायला लागलं, की खरं मूल बाहेर येतं आणि मग कपाट आदळतं, शिव्या येतात, खोटं बोललं जातं. लोकांना हा बिघाड वाटतो. बहुतेक वेळा ती विश्वासाची सुरुवात असते.

अन्नाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पहिलं भांडण हमखास इथंच होतं. जे मूल उपाशी राहिलेलं असतं ते अन्न लपवतं. उशीच्या अभ्र्यात चपाती, दप्तरात शेंगदाणे, गादीखाली बिस्किटाचा पुडा सापडतो. मुंग्या लागतात आणि मग घरात 'चोर' हा शब्द उच्चारला जातो. तो शब्द एकदा जरी गेला तरी मागं घेता येत नाही. त्याऐवजी एक डबा त्याच्या नावाचा करा. त्यात शेंगा, चुरमुरे, गूळ, केळं असं काही ना काही कायम असू द्या आणि कधीही विचारल्याशिवाय खायची परवानगी द्या. डबा रिकामा दिसला की न बोलता भरा. बऱ्याच मुलांची लपवाछपवी अशानं हळूहळू सुटते. आणि जेवण बंद करण्याची शिक्षा कधीही, कुठल्याही कारणासाठी करू नका. माणदेशातून आलेल्या पोराला बाजरीची भाकरी आणि ठेचा हवा असेल, तर रोज भात-वरण समोर ठेवून "आमच्यात असंच असतं" म्हणू नका. आठवड्यातून दोनदा तरी त्याच्या घरची चव ताटात पडू द्या.

अंथरूण ओलं होणं हाही ठरलेला प्रकार. दहा-बारा वर्षांच्या पोरालाही होतं. प्लॅस्टिकचं अंथरूण आधीच घालून ठेवा. सकाळी चादर गुपचूप बदला आणि गच्चीवर वाळत घालताना सगळ्या गल्लीला दिसणार नाही असं बघा. महिनाभरात कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा. कधी कधी कारण साधं, लघवीच्या संसर्गाचं असतं.

हाक काय मारायची हे मुलावर सोडा. काकू, मावशी, आत्या, ताई, काहीही चालेल. "आता मलाच आई म्हण" असं सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला आई आहे. ती चांगली असो, वाईट असो, येरवड्याच्या तुरुंगात असो. काही मुलं आपणहून आई म्हणतात, तेव्हा ओ द्या. काही जण कधीच म्हणत नाहीत आणि तरी चार वर्षं सुखानं राहतात.

मारायचं नाही. "एक चापट काय होतं" हे आपल्याकडचं लाडकं वाक्य इथं चालत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मुलाचा ताबा असलेल्या माणसानं केलेली क्रूरता हा गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मार खाऊन आलेल्या मुलाला मारानं काहीच नवं शिकवता येत नाही. तो त्याला तुमच्याहून जास्त ठाऊक असतो. राग आला तर गच्चीवर जा, पायरीवर जाऊन बसा, नवऱ्याला हाक मारा. आणि एखाद्या संध्याकाळी, भांडी घासताना किंवा गाडीवर मागं बसलेलं असताना, ते काहीतरी भयंकर सांगून टाकेल. मुलं समोरासमोर बसून सांगत नाहीत. ऐकून घ्या, खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. सोबत बाल संरक्षण कक्षालाही फोन करा. अडीनडीला मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहेच.

गल्ली, शाळा आणि मोबाइल

"कुणाचं गं हे पोरगं? कंच्या गावचं?" हा प्रश्न पहिल्या तासात येतो. त्याच्या पोटात जातीचा प्रश्न असतो, हेही आपल्याला माहीत असतं. "आमच्याकडं राहायला आलंय" एवढं उत्तर पुरे. घरातल्या सगळ्यांनी तेच द्यायचं. मुलाची कहाणी त्याची आहे. भिशीतल्या बायकांना ती सांगायचा हक्क तुम्हाला नाही. हळदी-कुंकवाला एखादी "पुण्य लागंल बाई तुला" म्हणाली, की मूल शेजारीच उभं असतं हे तिच्या लक्षात आणून द्या.

फोटोचं तर कायद्यानंच बंधन आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून वाढदिवसाचा फोटो स्टेटसला नाही, गणपतीच्या आरतीतला नाही, मंडळाच्या ग्रुपवरही नाही. घरच्या अल्बमसाठी मात्र भरपूर काढा. त्याचं कारण पुढं येईल.

शाळेत मुलाचं आडनाव आणि वडिलांचं नाव त्याचंच राहतं. समितीच्या आदेशाची प्रत मुख्याध्यापकांना द्या आणि वर्गशिक्षकांना गरजेपुरतंच सांगा. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडत असेल, तर ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानं तसं अडवता येत नाही, हे नम्रपणे पण ठासून सांगा. बुडालेला अभ्यास एका वर्षात भरून काढायचा हट्ट धरू नका. पहिल्या वर्षी शाळेत रोज जाणं हाच पहिला नंबर. स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवायची घाई शेजारणीला असू दे.

मुलाची आई भेटायला येते तेव्हा

सगळ्यात अवघड भाग हा, आणि याची तयारी कुणीच करून घेत नाही.

आईवडील असमर्थ ठरल्यामुळं मूल फॉस्टर घरी आलं असेल, तर समिती नाही म्हणत नाही तोवर त्यांना ठरावीक अंतरानं मुलाला भेटता येतं. भेट कुठं आणि किती वेळ हे समिती आणि कक्ष ठरवतात. शक्यतो पहिल्या भेटी कार्यालयातच होऊ द्या. आई ऊसतोडीला जाणारी असेल, तर गाळप हंगामाचे पाच-सहा महिने ती कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर असणार. मग त्या काळात फोनची वेळ ठरवून घ्या. भेट ठरूनही ती आली नाही असं होतं. त्या दिवशी मूल नवा शर्ट घालून तयार असतं. त्या संध्याकाळी आईची बाजूही घेऊ नका, तिला नावंही ठेवू नका. "आज येता आलं नाही तिला. तुला वाईट वाटलं असंल" एवढं बोला आणि जवळ बसा.

भेट झाली तरी पुढचे दोन दिवस मूल बिथरतं. चिडतं, जेवत नाही, तुमच्याशी बोलत नाही. यावरून लोक "भेटी बंदच करा" म्हणून समितीकडं धाव घेतात. भेटीत मारहाण, धमकी, दारू असं काही घडलं असेल तर जरूर कळवा. नुसतं रडलं म्हणून भेटी थांबवल्या, तर मूल रडणं लपवायला शिकतं.

आणि तुमचा स्वतःचा राग? तो येतोच. जिच्यामुळं पोराच्या पाठीवर चटके आहेत, तिला पाणी द्यायचं, "बसा ताई" म्हणायचं, हे सोपं नाही. पण मूल दोन बायकांकडं आळीपाळीनं बघत असतं आणि कुणावर माया केली तर कोण दुखावेल याचा हिशेब मांडत असतं. तुम्ही तिच्याशी सरळ बोललात की तो हिशेब सुटतो. त्याच्या घरी म्हसवडच्या सिद्धनाथाचा नैवेद्य असेल किंवा मांढरदेवीच्या काळूबाईचा नवस असेल, तर ते तुमच्या घरी मोडीत काढू नका. दिवाळीत फराळाचा एक डबा त्याच्या हातानं त्याच्या आईसाठी भरू द्या.

पैशाचं थोडक्यात

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत फॉस्टर केअरमधल्या मुलामागं महिन्याला ४,००० रुपये धरलेले आहेत. ते मुलाच्या खर्चासाठी आहेत, तुमच्या कष्टाचा मोबदला म्हणून नाहीत. सरकारी हप्ता तारखेला पडेल असं धरून किराणा भरू नका. दोन-तीन महिने स्वतःच्या खिशातून निघतील एवढी तयारी ठेवा. औषधं, वह्या, एसटीचा पास यांच्या पावत्या एका फायलीत लावा. दर महिन्याला समितीनं पाहणी करावी असं कायद्यात आहे. पाहणीला आलेल्या माणसाला फाईल आणि मूल दोन्ही दाखवा, आणि मुलाला त्यांच्याशी एकट्यानं बोलू द्या.

मिळतं काय

इथं लोकांची अपेक्षा सिनेमातली असते. मूल मिठी मारतं, पहिला नंबर येतो, म्हातारपणी सांभाळतं. असलं काही धरू नका. मिळतं ते बारीक असतं आणि लक्ष नसेल तर निसटतं. रात्री दिवा मालवून झोपायला लागतं. एक दिवस "मला वांगं नको" म्हणून ताट सरकवतं आणि तुमच्या लक्षात येतं की आजवर त्यानं कशालाच नको म्हटलं नव्हतं. तुमच्या पोराशी रिमोटवरून कचकचून भांडतं. तुमचं पोर, जे आजवर शेवटचा पेढा स्वतःच्याच तोंडात टाकायचं, ते न सांगता अर्धा तोडून ठेवतं. यवतेश्वरच्या घाटात गाडीवर मागं बसून ते अखंड बडबडतं आणि ती बडबड तुम्हाला उद्देशून असते.

घरातल्या मोठ्या माणसांतही फरक पडतो. एकमेकांवर आवाज चढवायच्या आधी आपण जरा थांबायला लागतो, कारण कान टवकारून बसलेलं एक माणूस घरात असतं.

परत जाताना

आईवडील पुन्हा सांभाळायला समर्थ झाले असं समितीला वाटलं, की मूल परत जातं. काही मुलं जात नाहीत. व्यवस्था वाढवत नेता येते आणि ती १८ वर्षांपर्यंत चालू शकते. त्यानंतर अनुरक्षणाची, म्हणजे सज्ञान झाल्यावर स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठीची मदत मिळू शकते का, हे कक्षाला विचारा. मूल कायदेशीररीत्या दत्तकासाठी मुक्त झालं आणि तुमच्याकडं २ वर्षं राहिलेलं असेल, तर २०२४ च्या तत्त्वांनुसार तेच मूल दत्तक घेण्याचा विचार होऊ शकतो. आधी ही अट ५ वर्षांची होती. हा दरवाजा आहे हे माहीत असू द्या, पण त्याच्यावर डोळा ठेवून मूल आणू नका.

जायची तारीख कळली की मुलाला लगेच सांगा. आदल्या रात्री सांगू नका. एक वही करा : फोटो, शाळेतली चित्रं, उंची कधी किती होती, पडलेल्या दाताची तारीख, गल्लीतल्या मित्रांची नावं. लहानपणाचा हा तुकडा त्याच्याजवळ दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला नसेल. म्हणून फोटो भरपूर काढा म्हटलं. कपडे चांगल्या बॅगेत भरा. पोतं किंवा कापड दुकानाच्या पिशव्या नकोत. औषधं, लसीकरणाचं कार्ड, शाळेचे कागद आणि त्याचा तो खाऊचा डबा द्या. आईला सांगा : याला कशाची भीती वाटते, काय आवडतं, रात्री किती वाजता उठवावं लागतं. पुढं फोन करायचा की नाही, हे कक्षाला विचारून ठरवा. ती "करत जावा की" म्हणाली तर करा, पण आठवड्याला नको.

नंतरचे काही दिवस घर सुनं वाटतं, आणि नातेवाईक "आम्ही आधीच म्हणत होतो" म्हणायला टपलेले असतात. रडू आलं तर रडा, पोरांनाही रडू द्या. त्याची गादी लगेच गुंडाळू नका, पण महिनोन्महिने तशीच पसरूनही ठेवू नका. दुसरं मूल घ्यायचं की थांबायचं, हे घरातल्या सगळ्यांनी जेवताना बसून ठरवा आणि जे ठरेल ते कक्षाला लेखी कळवा. थांबायचं ठरलं तरी कळवा, म्हणजे तुमचं नाव धरून तिकडं कुठल्या मुलाला आशा लावली जाणार नाही.